मुरब्यातला तीन फुटांचा प्रवास

लोक काश्मीरला जाऊन येतात, बालीला जाऊन येतात, आणि आल्यावर आम्हाला समोर बसवून फोटो दाखवतात. गेल्या थंडीत मी चार दिवस बोईसरला जाऊन आलो. "बोईसर? म्हणजे कारखाने ना?" असं ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. फोटो नाहीत. जे पाहिलं त्यातलं निम्मं धुक्यात होतं, आणि उरलेलं निम्मं पाहताना माझं लक्ष एका काट्याकडे होतं.

तो काटा एका गाडीतला. माझा आतेभाऊ अरविंददादा तरुणपणी सांगलीहून तारापूरच्या एका कारखान्यात नोकरीला गेला आणि बोईसरचाच झाला. मधे कंपनीने त्याला काही वर्षं जपानला पाठवलं. तिथून येताना लोक कॅमेरे आणत. दादाने गाडी आणली. दोन दारांची, बुटकी, वांग्याच्या रंगाची. ती भारतात कशी आली याची कथा त्याने मला तीनदा सांगितली आहे आणि तिन्ही वेळा ती वेगळी होती. एवढं खरं की तिच्या इंजिनात इतर गाड्यांसारखे वरखाली होणारे दट्टे नाहीत. आत एक गोष्ट गोल फिरते. म्हणून घरात तिचं नाव पडलं भिंगरी.

पंचवीस वर्षांपूर्वी दादाने मला एकदा तिच्यात बसवून केळव्याच्या रस्त्याने नेलं होतं. तो आवाज मी विसरलो नाही. लग्न झालं, मुलं झाली, पोट आलं, पांढरी कौटुंबिक गाडी आली, पण अधूनमधून पहाटे अर्धवट झोपेत तो आवाज यायचा, आणि बायको म्हणायची, "अहो, ओठ काय हलवताय झोपेत?"

दिवाळीनंतर दादाचा फोन आला. "पम्या, डोळ्यांत काचबिंदू आहे. कडेचं काही दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. मुंबईचे एक गृहस्थ भिंगरी मागतायत. रविवारी येणार आहेत. पण हे इंजिन काढून साधं बसवणार म्हणतात. तू चार दिवस ये. तुला ती सांभाळता येईल असं वाटलं तर तुझी. नाहीतर त्यांची."

म्हणजे बावन्नाव्या वर्षी मला परीक्षेला बसायचं होतं. बायको म्हणाली, "जा. नापास झालात तर जागा तरी वाचेल."

बोईसर, गुरुवार

संध्याकाळी पोचलो तेव्हा बोईसरवर एक मऊ, राखाडी उजेड पसरला होता. कारखान्यांच्या धुराड्यांची खालची अर्धी बाजू दिसत नव्हती, वरची अर्धी नुसतीच आकाशात तरंगत होती. पाळी सुटलेले कामगार सायकलींवरून, हिंदीत हसत-खिदळत, त्या उजेडातून येत होते आणि परत त्यातच विरघळत होते. मी नाशिकचा. आमच्याकडे संध्याकाळ स्वच्छ होते, इथे ती शिजते.

सुमनवहिनींनी चहाबरोबर समोसे ठेवले होते. दादाने काळा चष्मा लावलेला, पण समोसा अचूक उचलला. तो वहिनींच्या लोणच्याच्या लंबगोल ताटलीत ठेवला आणि बोटाने फिरवायला लागला.

"हे इंजिन," तो म्हणाला. "ताटली म्हणजे घर. समोसा म्हणजे फिरणारा भाग. तीन टोकं आहेत ना, ती भिंतीला घासत फिरतात. साधं इंजिन उठाबशा काढतं. हे गिरकी घेतं. म्हणून त्याला थरथर नाही, नुसतं गाणं. पण टोकं कोरडी पडली की संपलं सगळं. म्हणून हे इंजिन थोडं तेल पितंच. पिताना दिसलं तर घाबरायचं नाही. प्यायचं थांबलं तर घाबरायचं."

"म्हणजे आमच्या नानाकाकांसारखं," मी म्हणालो.

"नानाकाका बंद पडले. ही चालू आहे," दादा म्हणाला. "लिहून घे."

मी वही आणली होती. लिहून घेतलं. दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना तेल बघायचं. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबून. तेल साधं, खनिज. त्यात हौस नको. पेट्रोल गर्दीच्या पंपावर घ्यायचं, कारण तिथलं टाकीत पडून शिळं होत नाही. टाकी तळाला जाऊ द्यायची नाही. आणि पेट्रोलमध्ये लिटरला पाच मिली टू-स्ट्रोकचं तेल, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून. ते झाकण गाडीच्या खणात होतं. त्यावर अजून लाल डाग होता.

"आणि हे सगळ्यात महत्त्वाचं," दादा म्हणाला. "थंड इंजिन सुरू केलंस तर गरम झाल्याशिवाय बंद करायचं नाही. उष्णतेचा काटा मध्यावर आला पाहिजे. दहा मिनिटं. मधेच बंद केलंस तर आत पेट्रोल साचतं, टोकांवरचं तेल धुऊन जातं, आणि मग ती सुरू होत नाही. रुसते. गाडी तीन फूट सरकवायची असेल तर एकतर ढकल, नाहीतर दहा किलोमीटर फिरवून आण. मधलं काही नाही."

मी 'मधलं काही नाही' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. वही गाडीच्या खणात, झाकणाशेजारी ठेवली. पुढे जे झालं ते अज्ञानाने झालं असं मला म्हणता येणार नाही.

केळवे, शुक्रवार

भिंगरीत बसणं हा एक वेगळा प्रवास आहे. आधी उजवा पाय आत टाकायचा, मग देवाचं नाव घ्यायचं, मग उरलेला माणूस सोडून द्यायचा. मी बसलो तेव्हा दोन ठिकाणी आवाज झाला. एक सीटचा होता.

"हळू," शेजारी बसत दादा म्हणाला. "सीट जुनी आहे."

किल्ली फिरवली. आधी एक छोटासा खाकरा, आणि मग तो आवाज. लांबवर कुणीतरी शिलाई मशीन चालवतंय असा. मी काट्याकडे बघत बसलो. वहिनी वरून म्हणाल्या, "भावोजी, जायचंय ना?" जायचं होतं, पण काटा अजून मध्यावर यायचा होता. दादा म्हणाला हळू चालवत काढ, चालताना ती लवकर गरम होते, फक्त पळवू नको. म्हणून आम्ही बोईसर गावातून वरातीच्या गतीने निघालो. काटा मध्यावर आला तेव्हाच पंपावर थांबलो. तिथल्या माणसाने भिंगरीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "साहब, इसमें डीज़ल डालते हैं क्या?" दादाने काळ्या चष्म्यातून त्याच्याकडे असं पाहिलं की त्या माणसाने आपणहून हात मागे घेतला.

पालघर मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या सुरू झाल्या. सुपारीच्या सरळ खोडांवर विड्याच्या पानांचे वेल चढलेले, त्यांच्यामधून ऊन पाझरत होतं, हिरवं आणि पातळ. डबक्यांतलं पाणी, त्यावर नारळाची सावली, त्या सावलीतून एक बगळा चालला होता, जणू सावली ओली होऊ नये म्हणून पाय उचलून.

"आता वाढव," दादा म्हणाला.

"किती?"

"मी सांगेपर्यंत. रोज एकदा तिला पुरतं ओरडू द्यायचं. आतली काजळी जळते. तुम्ही लोक गाडी जपता म्हणजे तिला दबकत चालवता. त्याने ही मरते."

मी पाय दाबला. आवाज शिलाई मशीनचा राहिला नाही. आधी तो भुंग्याचा झाला, मग शंखाचा, मग त्याला नाव उरलं नाही. पंचवीस वर्षं झोपेत ऐकलेला तो हाच. झाडं एकमेकांत मिसळली. मला आठवतं, मी हसत होतो, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि वाऱ्यामुळे येतंय असं मी म्हणणार होतो, पण काचा बंद होत्या.

"बास," दादा म्हणाला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा बरोबर लाल रेषेपाशी होता. त्याला तो दिसत नव्हता. त्याने कानाने ओळखलं.

केळव्याला दादाच्या ओळखीच्या एका वाडीत जेवलो. उकडहंडी होती: मडक्यात कंद, वाल, वांगी, वर पानं कोंबून भाजलेली. मडकं उघडल्यावर जो वास आला तो मी नाशिकला नेऊ शकलो असतो तर हा लेख लिहिलाच नसता. वाडीच्या मालकीणबाईंनी आमची गाडी नारळाखाली लागलेली पाहिली आणि म्हणाल्या, "तिथं नका लावू हो. नारळ कुणाची गाडी बघत नाय." इंजिन एव्हाना थंड झालं होतं. दादा मला म्हणाला, "चल, ढकलू." दोन म्हातारी माणसं (मी स्वतःला पहिल्यांदाच त्यात धरलं) गाडी ढकलताना बघून सुट्टीला आलेल्या एका मुंबईच्या कुटुंबाने विचारलं, "बंद पडली का, काका?" दादा ताठ उभा राहिला. "नाही. तिला चालू करणं परवडत नाही."

त्या क्षणी मला नियम कळला होता. नीट कळला होता. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

मुरबे, शनिवार आणि रविवारची सकाळ

मुरब्याला दादाचा जुना मित्र राहतो, गजाभाऊ. आयुष्यभर होडीवर गेला, आता गुडघे गेल्यामुळे अंगणात बसून लहान होड्यांची मशीनं दुरुस्त करतो. दादाने सांगितलं होतं, शेवटची परीक्षा मुरब्याला. समुद्राकाठी, दमट हवेत, रात्रभर उघड्यावर राहिलेली भिंगरी सकाळी नीट सुरू करून बोईसरला आणायची. दुपारी मुंबईचे गृहस्थ येणार.

शनिवारी पोचलो तेव्हा ओहोटी होती. समुद्र इतका मागे गेला होता की तो होता हे लोकांच्या सांगण्यावरून मानायचं. ओल्या वाळूवर होड्या कुशीवर झोपल्या होत्या. बांबूंच्या वलांडींवर बोंबील टांगलेले, हजारो, तोंडात तोंड अडकवून जोडीने; वारा आला की सगळे एकदम हलत. आमच्या गावी दोरीवर धोतरं वाळतात, त्यांना इतकी लय नसते.

गजाभाऊ एका होडीचं मशीन उघडून बसला होता. शेजारी डब्यात पेट्रोल, आणि त्यात तो तेल ओतत होता. बाटलीच्या झाकणाने मोजून.

"हे बघ," दादा मला कोपर मारत म्हणाला. "मी हे जपानमध्ये नाही शिकलो. इथे शिकलो."

"सायेबाची गाडी आन् आमची होडी, दोगी भयनी," गजाभाऊ म्हणाला. "दोगींना तेल पाजावा लागतं. फक्त सायेबाची गाडी पान्यात जात नाय."

"अजून तरी," त्याची बायको मंदाताई आतून म्हणाली.

रात्री पापलेटचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि गजाभाऊच्या वादळांच्या गोष्टी, ज्यात प्रत्येक वेळी लाट ओटीच्या छपराएवढी आणि छप्पर दरवेळी उंच. दादा ओटीवर झोपला. मी आत.

आणि रविवारी सकाळी सहाला हे झालं.

उजाडत होतं. धुकं इतकं जवळ होतं की अंगणातली भिंगरी नुसता वांगी रंगाचा डाग दिसत होती. मी चूळ भरत उभा होतो. धुक्यातून मंदाताई आली, डोक्यावर जवळ्याची, त्या इवल्या कोळंबीची, पाटी, मागे आणखी दोन बायका, त्यांच्याही डोक्यावर पाट्या.

"भाव," ती म्हणाली, "गाडी वाईच पुढे घ्या. सुकट पसराची हाय."

आता यात माझा दोष किती आणि आपल्या संस्कारांचा किती, हे वाचकांनी ठरवावं. 'जरा गाडी पुढे घ्या' हे वाक्य ऐकलं की आपला माणूस विचार करत नाही. लग्नात जेवत असला तरी हात धुऊन उठतो. त्यातून डोक्यावर भार घेतलेली बाई उभी. मी म्हणालो, "हो हो, लगेच." बसलो, किल्ली फिरवली, तीन फूट पुढे घेतली, किल्ली परत फिरवली. सगळं मिळून पंधरा सेकंद. मंदाताई म्हणाली, "देव तुमचा भला करो." मला बरं वाटलं.

मग रुमाल घ्यायला मी खण उघडला आणि वही दिसली.

मी परत किल्ली फिरवली. कुर्र कुर्र कुर्र. पुन्हा. कुर्र कुर्र. पेट्रोलचा वास आला. पाय तळापर्यंत दाबून फिरवली, दादाने तसंही एकदा सांगितलं होतं. कुर्र... कु... बॅटरीही थकली. ओटीवर दादा उठून बसला होता. काळा चष्मा लावलेला, हात गुडघ्यांवर.

मी जवळ गेलो. म्हणालो, "दादा, मी—"

"ऐकलं मी," तो म्हणाला. "सुरू झाली. मी मोजत होतो. पंधरापर्यंत आलो आणि बंद झाली."

"मंदाताई म्हणाल्या सुकट पसरायची आहे."

"ढकलायची ना!"

 दादाने तोंड समुद्राकडे वळवलं. मग तो म्हणाला, "त्या गृहस्थांना फोन कर. म्हणावं, येताना ट्रक घेऊन या. गाडी चालत येणार नाही."

इतकं हळू बोलला की त्यापेक्षा त्याने वहीने मारलं असतं तर बरं. मी फोन हातात घेतला. रेंज नव्हती. मुरब्याच्या धुक्याचे मी आजही उपकार मानतो.

गजाभाऊ लंगडत अंगणात आला, भिंगरीजवळ वाकला आणि नाक ओढलं. "प्यालीय," तो म्हणाला. "जास्त प्यालीय. आमच्या मशीनला रोज व्हतं असा. रडू नका. विड्या विझवा सगळ्यांनी."

"ही होडी नाही, गजा," दादा ओटीवरून म्हणाला.

"मंग काय, विमान हाय?" गजाभाऊ म्हणाला. "तुमी बसा सायेब. तुमाला दिसत नाय, मला चालता येत नाय, हे भाव येडे. तिगं मिळून एक मानूस व्हईल."

तसंच झालं. दादा बसल्या जागेवरून सांगत होता, गजाभाऊ दाखवत होता, मी करत होतो. पुढचं चाक काढलं. आडवा पडून, गालाला वाळू लावत, चार प्लग काढले. ते ओले होते, पेट्रोल ठिबकत होतं. गजाभाऊने होडीची बॅटरी लावली. ठिणगी उडू नये म्हणून दादाने एक तार काढायला लावली, पेट्रोलचा पंप बंद करायला लावला, आणि मग किल्ली फिरवायला सांगितली. रिकाम्या भोकांतून इंजिनाने फुर्र फुर्र करून पेट्रोल बाहेर टाकलं, सर्दी झालेल्या मुलासारखं.

"आता प्लग वाळवाचे," गजाभाऊ म्हणाला. "मंदा, तवा!"

चूल घराच्या पलीकडच्या बाजूला होती, पेट्रोलपासून लांब. मंदाताई तिथे सुके बोंबील भाजत होती. तिने ते एका कडेला सारले आणि माझे चार प्लग, आधी चिंधीने पुसून घेतलेले, तव्यावर मांडले. उलथन्याने ते परतले सुद्धा. "जास्त लाल नाय कराचे ना?" तिने विचारलं. मी म्हणालो, "नुसते खरपूस." तिने मला एक बोंबील दिला. मी उभ्या उभ्या खाल्ला. इतका चवदार बोंबील मी कधी खाल्ला नाही, आणि इतक्या भीतीत कधी काही खाल्लं नाही.

"प्लग लावायच्या आधी प्रत्येक भोकात चमचाभर तेल," दादा म्हणाला. तो आता ओटीच्या कडेला, पुढे सरकून बसला होता. "धुतली गेलेली टोकं परत ओली कर."

खोकल्याच्या झाकणाने तेल घातलं. प्लग लावले, काढलेलं सगळं जोडलं, चाक चढवलं. दहा वाजले होते. धुकं उठत होतं, आणि त्याच्या खालून समुद्र परत आला होता, होड्या सरळ उभ्या राहिल्या होत्या.

किल्ली फिरवली. कुर्र कुर्र. काही नाही. पुन्हा. एक ठिणगी, एक खोकला. दादा उभा राहिला. पुन्हा. आणि भिंगरीने असा काही धूर सोडला की उठलेलं धुकं परत खाली आल्यासारखं वाटलं. पांढराशुभ्र, जाड, सगळं अंगण व्यापून, थेट मंदाताईच्या पसरलेल्या जवळ्यावर.

"माझी सुकट!" मंदाताई ओरडली.

आणि त्या धुराच्या आतून, लांब कुठेतरी, शिलाई मशीन चालू झालं.

"बंद करू नको!" दादा ओरडला. मी तर किल्लीवरून हातच काढून घेतला होता, दोन्ही हात डोक्यावर धरले होते, पोलिसांसमोर धरतात तसे. गजाभाऊ हसून हसून खाली बसला, आणि मग गुडघ्यामुळे त्याला उठवायला दोन माणसं लागली.

निघताना मंदाताईने जवळ्याची पिशवी गाडीत ठेवली. "ही आता पेट्रोलच्या वासाची. आमच्याकडं कोन खानार? तुमीच न्या." रस्ताभर दादा कान देऊन ऐकत होता. फक्त एका मोकळ्या वळणानंतर म्हणाला, "वाढव. काजळी खूप असेल."

परत बोईसर

मुंबईचे गृहस्थ दारात उभेच होते. सभ्य माणूस, पांढरे बूट. त्यांनी गाडीभोवती फिरून पाहिलं, हळहळले, म्हणाले, "दिसायला काय सुंदर आहे हो. इंजिनाचं मात्र तुम्ही ओझं वाहताय." वहिनींनी त्यांना आधी जेवायला बसवलं. दादा त्यांच्याशी इंजिनाबद्दल बोलला नाही, माझ्याबद्दलही नाही. ताटावरून एकदाच मला म्हणाला, "आमटी घे." त्यावरून मी माझा निकाल ओळखला आणि आमटी घेतली.

जेवण, मग पान, मग गृहस्थांची एक डुलकी. खाली उतरलो तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि भिंगरी पार थंड झाली होती. गृहस्थ म्हणाले, "एकदा चालू होते का बघतो फक्त," आणि आत बसले. मी शेजारच्या सीटवर बसलो, कारण निरोप घ्यायचा तर आतून घ्यावा.

किल्ली फिरली. खाकरा. शिलाई मशीन.

"वा," ते म्हणाले, "चालू आहे," आणि त्यांचा हात किल्लीकडे गेला.

मी तो धरला. मनगटात. घट्ट. मी आयुष्यात अनोळखी माणसाचा हात असा कधी धरलेला नाही.

"सोडा की हो!"

"नाही. काटा मध्यावर येईपर्यंत नाही."

"अहो, मी फक्त बघत होतो!"

"मीही सकाळी फक्त तीन फूट घेतली होती," मी म्हणालो, आणि हात सोडला नाही.

तसे आम्ही बसलो. दहा मिनिटं. एकमेकांचा हात धरून, समोर बघत, लग्नात हार घालून बसवलेल्या नवरा-नवरीसारखे. काटा सरकत होता, इतका हळू की तो सरकतोय यावर श्रद्धा ठेवावी लागत होती. संध्याकाळचा तो मऊ उजेड काचेवर उतरला. धुराडी पुन्हा खालून पुसली जाऊ लागली. मला वाटलं, हे असंच राहावं. काटा कधीच पोचू नये.

तो पोचला. मी हात सोडला. "आता करा बंद," मी म्हणालो. "माफ करा."

खिडकीशी दादा उभा होता. तो तिथे कधी आला मला कळलं नव्हतं. खांदे हलत होते. आधी वाटलं रडतोय.

"पम्या," तो म्हणाला, चष्म्याखालून डोळे पुसत, "साहेबांना वर घेऊन ये. त्यांना चहा दे. गाडी देत नाही मी त्यांना."

नाशिक

जव्हारवरून भिंगरी घरी आणली. घाटात ती गायली, त्याबद्दल मी लिहिणार नाही. ते माझ्यापाशी राहू दे. जवळ्याची चटणी महिनाभर पुरली. वास नेमका कशाचा, यावर घरात दोन तट आहेत.

गेल्या रविवारी सकाळी चहा घेत होतो, तर खालून शेजारचे देशमुख ओरडले, "प्रमोदराव, जरा गाडी पुढे घ्या! स्कूटर निघत नाहीये. तीनच फूट!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. बिल्डिंगमध्ये ढकलायला कुणी उठलेलं नव्हतं. मी कप ठेवला, खाली गेलो, उजवा पाय, देवाचं नाव, बाकीचा माणूस. मग बोईसरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून समोर ठेवला.

"दादा, तीन फूट घ्यायचीय."

"मग?" पलीकडून आवाज आला. "काढ बाहेर."

गंगापूरच्या रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, त्यावर पातळ धुकं. फोनवरून फक्त इंजिनाचा आवाज जात होता. तो तिकडे गच्चीत काळा चष्मा लावून बसला असणार, हात गुडघ्यांवर. काटा मध्यावर आला. मी सांगितलं नाही. तरी फोनमधून आवाज आला, "आता वाढव."

दहा किलोमीटरने परत आलो तेव्हा देशमुख स्कूटर बाहेर काढूनही फाटकाशी हेल्मेट घालून उभे होते, मी गेलो कुठे ते बघायला. भिंगरी मी मूळ जागेपासून बरोबर तीन फूट पुढे लावली.

"बंद करू?" मी विचारलं.

"थांब," दादा म्हणाला. "जरा ऐकू दे."